चाकांवरचं फिगर स्केटिंग : नाशिकमधल्या एका मुलीचं प्रकरण

मुलगी, तिचं घर आणि तिचे स्केटिंगचे सर ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय आहेत तसेच ठेवले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट. या गोष्टीत मी मधूनच आले, गुडघा दुखायला लागल्यावर. त्याआधीचं सगळं तिच्या आईकडून आणि सरांकडून ऐकलेलं आहे, आणि त्या दोघांचं सगळ्याच बाबतीत एकमत नाही.

पार्श्वभूमी

२०२३ मध्ये मुलगी अकरा वर्षांची होती, सहावीत. घर गंगापूर रोडच्या बाजूला, वडील अंबड एमआयडीसीत, आई बँकेत. नाशिकमध्ये बहुतेक मुलं स्केटिंगला लागतात तशीच तीही लागली. उन्हाळी शिबिर, मग क्वाड (पुढे दोन, मागे दोन चाकांचे स्केट), मग ‘हिला जरा वेग आहे’ म्हणून इनलाइन स्पीड (एका रांगेतली चाकं, शर्यतीसाठी). चार वर्षं तिने स्पीड केलं. जिल्ह्यात चौथी-पाचवी यायची, त्यावर कधी गेली नाही. सरांच्या लक्षात आलं ते वेगळंच. शर्यत संपल्यावर बाकीची मुलं बाटलीकडे धावायची आणि ही एका पायावर मागे जात वळणं घ्यायची. कोणी शिकवलेलं नव्हतं, आजीच्या फोनवर बर्फावरचं फिगर स्केटिंग बघून चाललं होतं.

तिने सरांना विचारलं, हे इथे करता येईल का? सर म्हणाले, ‘बर्फ कुठून आणू?’ पण त्या रात्री त्यांनी स्वतः शोधलं आणि इनलाइन फिगर स्केटिंग नावाचा प्रकार त्यांना सापडला.

हे स्केट स्पीडच्या स्केटपेक्षा अगदी वेगळे असतात. बूट फिगर स्केटिंगचाच, उंच आणि टाचेचा. खाली तीन चाकांची फ्रेम, मधलं चाक पुढच्या-मागच्यापेक्षा किंचित खाली, त्यामुळे एका वेळी दोनच चाकं जमिनीला टेकतात आणि पाय पुढे-मागे झुलतो. बर्फावरच्या ब्लेडला लांबीत जी हलकी गोलाई असते, साधारण सात-आठ फूट त्रिज्येची, तिचं काम हे खाली घेतलेलं चाक करतं. त्याच्याच जोरावर थ्री टर्न (एकाच पायावर पुढून मागे किंवा मागून पुढे होणारं वळण) होतो, स्पिन (गिरकी) होतो. बोटांच्या पुढे रबरी स्टॉपर असतो, ब्लेडवरच्या दात्यांच्या जागी. जागतिक पातळीवर वर्ल्ड स्केट ही संघटना इनलाइन फिगरला आर्टिस्टिक स्केटिंगची, म्हणजे चाकांवरच्या उड्या-गिरक्यांच्या स्केटिंगची, एक शाखा मानते. दुसरीकडे, बर्फावरचे खेळाडू बर्फ नसलेल्या दिवसांत सरावाला हेच स्केट घालतात. म्हणजे हा एक स्वतंत्र खेळही आहे आणि दुसऱ्या खेळाचं सरावाचं साधनही. पुढच्या बऱ्याच घोळाचं मूळ इथे आहे.

अडचण

घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता आणि सगळ्यांना वाटत होतं की आपण एकाच प्रश्नावर बोलतोय. मुलीला उडी मारून हवेत फिरायचं होतं, बस्स. आईला वाटत होतं की चाकांवर पाया पक्का करून पुढे मुलीला बर्फावर न्यावं. वडिलांचा हिशेब रोकडा होता: स्पीडमध्ये शालेय स्पर्धा आहेत, प्रमाणपत्रं आहेत, दहावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, हे सगळं सोडून जायचं तर कशासाठी? सरांची पंचाईत सर्वांत मोठी. त्यांनी स्वतः कधी एकही जंप मारलेली नव्हती.

सरांनी हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. ‘मी एज शिकवू शकतो, तोल शिकवू शकतो. जंप मला व्हिडिओ बघूनच शिकवावी लागेल.’ (एज म्हणजे पाय कलवून चाकांच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर जाणं.) आपल्याकडे असं सांगणारे प्रशिक्षक थोडे.

समोर असलेले पर्याय

स्पीड चालू ठेवणं हा पर्याय फार काळ टिकला नाही, मुलीचं मन उडालं होतं.

क्वाडवरचं आर्टिस्टिक हा खरा तुल्यबळ पर्याय होता. भारतात आर्टिस्टिकची परंपरा आहे ती क्वाडच्या दोन-दोनच्या जोड्यांतल्या चार चाकांवरची. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामाने एकेरीत कांस्य मिळवलं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही कांस्य मिळवलं, तेही क्वाडवर. साहित्य मिळतं, शिकवणारे सापडतात. शिवाय जमिनीवर आखलेल्या वर्तुळांवरून एका पायावर जाण्याचे ‘फिगर्स’ तिथे अजून आहेत. बर्फावरच्या स्पर्धांमधून ते १९९० नंतर गेले, आणि एजची शिस्त लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. सरांचाही कल क्वाडकडे होता.

इनलाइनच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. मुलगी चार वर्षं एका रांगेतल्या चाकांवरच उभी होती, तिचे घोटे त्या तोलाला सरावलेले होते. आणि पुढे बर्फावर जायचंच असेल तर शरीर कलवून एज धरण्याची सवय इनलाइनवरून जास्त सोबत येते. क्वाडवर ट्रक (चाकांच्या जोडीचा आस धरणारा भाग) दाबून वळतात, ते तंत्र वेगळं आहे.

बर्फाचा पर्याय आईने लावून धरला होता. तारा लिपिन्स्की रोलर स्केटवर सुरुवात करून १९९८ मध्ये ऑलिंपिक विजेती झाली, हे त्यांनी वाचलं होतं. खरंच आहे ते. पण ती सहाव्या वर्षीच बर्फावर गेली होती, म्हणजे उदाहरण आईच्या बाजूने कमी आणि विरुद्धच जास्त बोलतं. २०२३ मध्ये गुरुग्रामच्या मॉलमधला रिंक हाच वर्षभर चालणारा हाताशी असलेला पर्याय होता, तोही ६० बाय ३० मीटरच्या पूर्ण मापाचा नाही. सिमल्याचा रिंक नैसर्गिक बर्फाचा, फक्त हिवाळ्यातला. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला डेहराडूनचा हिमाद्री तेव्हा बंदच होता. आजी आणि बाबांनी मिळून ‘उत्तरेत बिऱ्हाड करायचं नाही’ हे दहा मिनिटांत ठरवलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्यावर फार चर्चा झाली नाही, हेही बरंच झालं.

इनलाइन ठरलं.

पहिला निर्णय : जुगाड की पूर्ण संच?

बाहेरून मागवायचा संच तीस-पस्तीस हजारांच्या घरात जात होता. वाढत्या वयात पाय वर्षभरात मापाबाहेर जाणार. म्हणून सरांनी आधी एक स्वस्त प्रयोग केला. जुन्या चार चाकी फिटनेस स्केटला पुढचं आणि मागचं चाक ७६ मिलिमीटरचं आणि मधली दोन ८० ची लावली. स्लॅलमवाली, म्हणजे शंकूंमधून वळणं घेणारी, मुलं असंच करतात. पाय झुलायला लागला, थ्री टर्न जमायला लागले. सोसायटीच्या रिंकवर सर तीन मीटरची दोरी मधोमध धरायचे, दुसऱ्या टोकाला खडू, आणि शेजारी-शेजारी दोन वर्तुळं आखून द्यायचे. त्यावर मुलगी रोज इंग्रजी आठ काढायची, आधी बाहेरच्या एजवर, मग आतल्या. क्वाडमधले फिगर्स त्यांनी असे मागच्या दाराने आणलेच.

तीन महिन्यांनी प्रयोग अडला. पुढे स्टॉपर नाही, त्यामुळे टो (बुटाचं टोक) मारून घ्यायच्या जंप, म्हणजे टो लूप, फ्लिप, लुट्झ, शिकवताच येईनात. बुटाला घोट्याचा आधारही जेमतेम. मग संच मागवला. आधी तीन महिने पाहून मग पैसे घालणं हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा क्रम होता, असं मी म्हणेन. वडील मात्र अजूनही म्हणतात, तीन महिने फुकट गेले.

फ्रेम बसवणं

बूट आणि फ्रेम वेगवेगळ्या आल्या. नाशिकमध्ये हे जोडून देणारं कोणी नव्हतं. वडिलांच्या ओळखीचे अंबडमधले एक फॅब्रिकेटर तयार झाले. त्यांनी बूट हातात फिरवून पाहिला आणि भोकं कुठे पाडू, एवढंच विचारलं. त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

सरांनी एका ओळखीच्या आर्टिस्टिक प्रशिक्षकाला फोन लावला. पद्धत कळली ती अशी: टाचेचा मध्य आणि पुढे अंगठ्या-दुसऱ्या बोटाच्या मधली जागा यांना जोडणारी रेघ धरायची, आणि आधी फक्त लांबट भोकांतले थोडे स्क्रू बसवायचे. पक्कं काहीच करायचं नाही. मग खडूच्या सरळ रेघेवरून एका पायावर नुसतं घरंगळत जायचं, जोर न लावता. डावा पाय सरळ गेला. उजवा दर वेळी आतल्या बाजूला ओढत होता. मुलगी म्हणाली, ‘मी नाही वळत, बूट वळतो.’ स्क्रू सैल करून फ्रेम मागच्या बाजूने दोन-एक मिलिमीटर सरकवली, पुन्हा रेघ, पुन्हा सरकवली. अख्खी दुपार गेली. ती रेघेवरून सुतासारखी जायला लागल्यावर आणखी पंधरा दिवस त्याच तात्पुरत्या स्क्रूंवर सराव झाला आणि मगच उरलेली भोकं पडली. फॅब्रिकेटर काकांनी पैसे घेतले नाहीत. जमल्यावर व्हिडिओ पाठवा म्हणाले.

घाईने त्याच दिवशी सगळी भोकं पाडली असती तर ती मुलगी वाकड्या फ्रेमला जुळवून घ्यायला शिकली असती आणि तिचा एज खराब आहे असं सगळे म्हणत बसले असते. मी अशा दोन मुलांचे घोटे नंतर तपासले आहेत.

पावसाळा

जूनमध्ये उघड्या रिंकवर पाणी. ओल्या कोब्यावर चाक धरत नाही आणि बेअरिंग गंजतात. पहिला पावसाळा नुसता वाया गेला. दुसऱ्या वर्षी आजीने तोडगा काढला: चातुर्मासात लग्नं नाहीत, मंगल कार्यालयं रिकामी असतात. घराजवळच्या एका कार्यालयाचे मालक तयार झाले, सकाळी सहा ते आठ. कोटा फरशी, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत. इतकी की पहिल्या दिवशी उघड्या रिंकवर वापरायची मऊ चाकंसुद्धा सटकत होती, थ्री टर्न मात्र तिथल्यापेक्षा सोपे जात होते. फरशीला चाकांचे ओरखडे पडतील ही मालकांची भीती खोटी निघाली. डाग पडले ते काळ्या रबरी स्टॉपरचे. ते पुसायला आई रोज शेवटची पंधरा मिनिटं फडकं घेऊन बसायची. मग फिक्या रंगाचा, डाग न पाडणारा स्टॉपर मागवला.

हॉल मात्र लहान. आर्टिस्टिकचा रिंक किमान ४० बाय २० मीटरचा, इथे त्याच्या निम्मंही नाही, मध्ये चार खांब. पूर्ण प्रोग्राम, म्हणजे स्पर्धेत सादर करायची बसवलेली रचना, त्यात मावत नव्हता. सरांनी ते स्वीकारलं आणि त्या चार महिन्यांत फक्त स्पिन आणि जागच्या जागी वळणं घेतली. जागा नाही म्हणून घेतलेला हा निर्णय, पण तिचा स्पिन त्या पावसाळ्यात जमला. पुढचं चाक आणि मधलं चाक यांच्यामध्ये वजन नेमकं कुठे ठेवायचं हे तिला त्या गुळगुळीत फरशीने शिकवलं.

गुडघा

२०२४ च्या दिवाळीनंतर तिला माझ्याकडे आणलं. उजव्या गुडघ्याच्या खाली, नडगी सुरू होते तिथे, दाबलं की दुखणारं टेंगूळ. सहा महिन्यांत उंची झपाट्याने वाढलेली. वाढत्या वयातल्या खेळाडू मुलांमध्ये हे नेहमी दिसतं, ऑसगुड-श्लाटर म्हणतात. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली जिथे हाडाला जोडलेला असतो, तिथलं हाड अजून कच्चं असतं आणि प्रत्येक उडीत ते ओढलं जातं. ती डावीकडे फिरणारी, त्यामुळे सगळ्या जंप उजव्या पायावर उतरणार. शिवाय लूप आणि टो लूपचं उड्डाणही उजव्याच पायावरून. खाली कोबा, पायात बर्फाच्या स्केटपेक्षा जड बूट.

हे दुखणं वाढ थांबली की बहुतेक वेळा आपोआप जातं. तोपर्यंत भार किती ठेवायचा हाच निर्णय असतो. राज्य निवड तीन आठवड्यांवर होती. सर म्हणाले, तेवढी होऊ द्या, मग विश्रांती. मी जंप पूर्ण बंद करा म्हटलं. आईने मधला मार्ग सुचवला आणि तो आमच्या दोघांपेक्षा बरा होता: प्रोग्राम रोज करायचा, पण जंपच्या जागी फक्त तयारीची वळणं घ्यायची आणि हात आवळून पुढे जायचं. हवेतलं फिरणं स्केट काढून करायचं, फिरत्या चकतीवर, उतरणं नाही. घराजवळच्या मल्लखांबाच्या हॉलमध्ये गाद्यांवर आठवड्यातून दोनदा थोड्या उड्या, दोन्ही पायांवर उतरायच्या. बरोबर मांडीचे व्यायाम.

मल्लखांबाच्या सरांनी एक गोष्ट बघितली जी आमच्यापैकी कोणीच बघितली नव्हती. ‘ही पोरगी उतरताना श्वास धरते.’ सोडायला शिकवलं तर गुडघा मऊ वाकायला लागला. निवडीत तिने अवघड जंप वगळून प्रोग्राम केला. दुखणं दोन महिन्यांत निम्म्यावर आलं, पूर्ण गेलं नाही.

गुरुग्रामचा आठवडा

आईच्या मनातून बर्फ गेला नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये परीक्षा संपल्यावर नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने मायलेकी दिल्लीला गेल्या. आठवडाभराचा बेत, भाड्याचे स्केट.

काय सोबत आलं आणि काय नाही, ते आईने वहीत लिहून आणलं होतं. मला ती वही या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद वाटते.

आलं ते: बाहेरच्या आणि आतल्या एजवर कलणं, मागे जाणं, क्रॉसओव्हर (वळणावर एका पायावरून दुसरा पाय टाकणं), हवेत हात-पाय आवळून धरणं. सॅल्को ही साधी जंप दुसऱ्याच दिवशी उतरली. बूट हलका असल्याने उडी उंच जायची आणि फिरणं जास्त व्हायचं.

आलं नाही ते: थांबणं. चाकांवर ती मागचा पाय आडवा ओढून थांबायची. बर्फावर ब्लेड आडवं करून खरवडावं लागतं, आणि चाकांनी तिला दोन वर्षं हेच शिकवलं होतं की आडवं केलंस तर पडशील. दुसरं म्हणजे दाते. इनलाइनचा स्टॉपर बराच पुढे असतो, ती बिनधास्त पुढच्या चाकावर झुकायची. बर्फावर तसं झुकली की दाते रुतायचे. पहिल्या तासात ती जितक्यांदा पडली ती सगळी पुढे, तोंडावर. स्पिनचा मध्यही वेगळा लागला, थोडा मागे.

परतल्यावर उलटं झालं. दुसऱ्याच दिवशी रिंकवर तिने सवयीने आडवं करून थांबायचा प्रयत्न केला. कोब्यावर चाक खरवडत नाही, अडकतं. मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टी. बर्फ आणि कोबा यांच्यामध्ये चार-पाच दिवसांचं अंतर आणि पहिले दोन सराव निव्वळ थांबण्याचे, हा नियम त्यानंतर आला.

स्पर्धा आणि एकटीचं पदक

इनलाइन आर्टिस्टिकला नावं मोजकीच येतात. एका निवड स्पर्धेत तिच्या वयोगटात ती एकटीच होती. सुवर्ण मिळालं. वडिलांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, अभिनंदनाचा पूर आला. मुलीने रात्री तो फोटो काढायला लावला. वडिलांचं म्हणणं होतं की नियमाने मिळालंय, चोरी केली नाही. दोघांचंही खरं. त्यावर सरांनी केलं ते मला पटलं: पदकाबद्दल ते काही बोलले नाहीत, गुणपत्रिका मागवून घेतली आणि घटकांचे गुण तिच्याच आधीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवले. स्पिनचे वाढले होते, जंपचे घटले होते. तुलना स्वतःशीच करायची तर आकडे तरी समोर हवेत.

वेगळं काय करता आलं असतं

गुडघा दुखायला लागण्याआधी उंचीची नोंद ठेवली असती तर जंप कमी करायची वेळ आधीच कळली असती. दर महिन्याला भिंतीवर एक रेघ, बाकी काही लागत नाही.

बर्फावरचा आठवडा पहिल्याच वर्षी व्हायला हवा होता, दोन वर्षांनी नव्हे. बर्फ चाखायला मिळावा म्हणून मी हे म्हणत नाही. आईच्या मनात ‘हे सगळं बर्फासाठी’ असं होतं आणि मुलीच्या मनात तसं काही नव्हतं, हे गुरुग्रामहून येताना गाडीत पहिल्यांदा मोकळं बोललं गेलं. मुलगी म्हणाली, बर्फ मस्त आहे, पण मला तिथे रोज राहायचं नाहीये. हे लवकर कळलं असतं तर मधल्या काळातले कितीतरी वाद झालेच नसते.

क्वाड पूर्ण सोडलं, हे मात्र मला अजून शंकास्पद वाटतं. आठवड्यातून एक दिवस क्वाडवर फिगर्स केले असते तर स्पर्धेत दुसरा गटही खुला राहिला असता, आणि बरोबरीच्या मुली भेटल्या असत्या. सर म्हणतात, दोन प्रकारच्या स्केटवर सवयी मिसळतात. मनगटाचा अनुभव पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

सध्याची स्थिती

मुलगी आठवी पार करून नववीत जातेय. लुट्झ आणि अॅक्सल सोडून सगळ्या एकेरी जंप उतरतात, अॅक्सल अर्धवट आहे. गुडघा खूप सराव झाला तरच दुखतो. स्पीड सुटलं, त्याबरोबर शालेय स्पर्धांचा सरळ रस्ताही. वडील यावर अजून नाराज आहेत आणि दहावीचा विषय निघाला की तो वाद पुन्हा निघतो. मंगल कार्यालयाचा करार दर चातुर्मासाला ठरलेला आहे.

डेहराडूनचा हिमाद्री २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला, ऑगस्टमध्ये तिथे आशियाई पातळीवरची शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही झाली. त्यामुळे आईच्या वहीत नवं पान उघडलं आहे: मे महिन्यात तिथे पंधरा दिवस. पण त्याच सुमारास बूटही बदलावा लागणार, अंगठा टोकाला लागतोय. पैसे एकाच गोष्टीला पुरतील. सर बुटाच्या बाजूने आहेत, मीही.